रेफरीच्या बाजूचे काका

आमच्या कोबेच्या रग्बी संघाने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला, की सगळं स्टेडियम उभं राहायचं आणि काका तेवढे खाली बसायचे. बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, "बास झालं रे, बास झालं." तुम्ही शेजारी असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, की हे गृहस्थ चुकून विरुद्ध बाजूच्या लोकांत येऊन बसलेत. पहिल्या दिवशी मला तसंच वाटलं होतं.

काका आता नाहीत. ते जपानात, कोबेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, ते आणि काकू. मूळचे सांगलीचे. तरुणपणी एका मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आले ते इथलेच झाले. आम्ही पाचव्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी सई. नवरा कामाला टोकियोतल्या तोयोसूत, शनिवार-रविवार यायचा.

दोन हजार अकरा सालच्या भूकंपात मीही तोयोसूलाच होते, उंच टॉवरमध्ये. इमारत झुलत होती आणि मी टेबलाखाली पोट धरून बसले होते. सई तेव्हा पोटात होती. त्यानंतर रस्त्यावरून साधा ट्रक गेला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. शेवटी हट्टाने नोकरी बदलून घेतली आणि कोबेला आले. पंचाण्णव साली याच कोबेत भूकंपाने हजारो माणसं गेली होती, हे सामान लावून झाल्यावर आठवलं. आमची अक्कल ती!

काकांना त्या भूकंपाबद्दल काही विचारलं की ते रग्बीवर यायचे. काकूंना मॅच बघवत नसे, म्हणून त्यांचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं. सईला तर काका म्हणजे जीव की प्राण. ती जपानीत बडबडायची, ते सांगलीच्या मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं अगदी छान चालायचं.

काकांचं खरं प्रेम रेफरीवर. आमच्या संघाविरुद्ध शिट्टी वाजली की त्यांचा चेहरा उजळायचा. "रेफरी बरोबर आहे," ते ठासून सांगायचे, "पास पुढे गेला, तो मागेच द्यायचा असतो. सज्जन माणूस, त्याला दिसलं." कधी आमचा चांगला ट्राय व्हिडिओ बघून रद्द व्हायचा, सगळे हळहळायचे, आणि काका टाळ्या वाजवायचे. आजूबाजूच्या जपानी आजोबांना वाटायचं, काय ही खिलाडू वृत्ती! आपल्याविरुद्धच्या निर्णयालाही हा परदेशी माणूस मान देतो. ते काकांना वाकून नमस्कार करायचे. काका ओशाळून परत वाकायचे. मला हसू आवरायचं नाही.

संघ कित्येक वर्षं मधल्या फळीत रखडला होता तोवर हे सगळं गमतीचं होतं. मग एका मोसमात नवे प्रशिक्षक आले, परदेशातून एक मोठा खेळाडू आला आणि आमची पोरं बघता बघता बदलली. उगाच लाथ मारून चेंडू उडवणं थांबलं. खाली पडता पडता एक जण दुसऱ्याच्या हातात चेंडू द्यायचा, दुसरा तिसऱ्याच्या. चुका होईनात, त्यामुळे शिट्ट्याही वाजेनात. सामन्यागणिक गर्दी वाढत गेली आणि काका वाळत गेले. "रेफरी तरी काय करणार," ते एकदा हताश होऊन म्हणाले, "चूकच नाही तर शिट्टी कशी मारेल?"

त्याच वर्षी जूनमध्ये शेजारी ओसाकाला मोठा धक्का बसला. आमच्या घरातली भांडी खाली आली. मी सईला घेऊन जिना उतरले तेव्हा काका दारातच उभे होते. त्यांनी सईला आधी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग मला विचारलं, "आता सांग, संघ जिंकेल म्हणून मी उगाच घाबरतो का?" त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. नाही म्हटलं तरी प्रत्येक विजयानंतर, भूकंपात नळ बंद पडले तर म्हणून, मीसुद्धा न्हाणीतला टब पाण्याने भरून ठेवायला लागले, कुणाला न सांगता.

डिसेंबरात अंतिम सामना झाला. आम्ही तो काकांच्या घरी टीव्हीवर पाहिला. अगदी एकतर्फी. जगातला कुठलाही रेफरी समोरच्यांना वाचवू शकला नसता. सई नाचत होती. काका अर्ध्यातच उठून आत गेले. काकू मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच, शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काका पाच मजले चढून वर आले. लिफ्टने ते कधीच यायचे नाहीत. म्हणाले, उद्या पहाटे अंधारातच सईला घेऊन शाळेच्या मैदानात ये, उजाडलं की परत जा. मी वैतागले. एवढ्या थंडीत पोरीला बाहेर काढू? रग्बीचा आणि जमिनीचा काय संबंध? माझा आवाज चढला होता हे कबूल करते. मला स्वतःलाच भीती वाटत होती ना.

काका खुर्चीत बसले. "पंचाण्णव साली संघ जिंकावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो."

"बसतो की आपण सगळेच," मी म्हटलं.

"बोलण्यापुरतं नाही गं. खरोखरचा गणपती, ताम्हनात पाणी भरून ठेवला. एका खेळासाठी. जिंकलो, दोस्तांबरोबर हुंदडलो आणि त्याला बाहेर काढायचं विसरलो. दोन दिवस पाण्यात होता. मग पहाटे पावणेसहाला जमीन हलली, घर खाली बसलं. आम्ही दोघं बाहेर निघालो. पोरगी आत राहिली. सईएवढी होती."

त्यांना मुलगी होती हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. येते, एवढंच म्हटलं.

पहाटे मैदानात आम्ही चौघंच होतो. काकूंनी थर्मासमधून चहा आणला होता आणि सईसाठी दुलई. ती माझ्या मांडीवर लगेच झोपली. काका हातमोजा काढून तळहात जमिनीला लावून बसले होते. मी सईचा श्वास ऐकत होते आणि मनात रामरक्षा म्हणायचा प्रयत्न करत होते, पण पहिल्या ओळीपुढे काही आठवत नव्हतं. पावणेसहाची ती वेळ जवळ आली तसे काकांचे ओठ निळे पडले. मला वाटलं, भूकंप होवो न होवो, हा माणूस इथेच जाणार.

वेळ टळली. स्टेशनकडून गाडी गेल्याचा आवाज आला, पेपरवाल्याची स्कूटर गेली, डोंगरामागे फटफटलं. काकांनी हात झाडला.

"या वेळी मी काही मागितलं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून वाचलो."

"मी मागितलं होतं," काकू म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"सामन्याच्या आदल्या दिवशी गणपती पाण्यात घातला. स्वयंपाकघरात, वाटीत. अजून तिथेच आहे. मुद्दाम काढला नाही."

खरं सांगते, मी नकळत पायाखाली बघितलं. सईला छातीशी ओढलं. जमीन जिथल्या तिथे होती.

काकांची भीती उतरली असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथे सुटका नव्हती.

"मग ती का गेली गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"जमीन हलली म्हणून गेली," काकू म्हणाल्या. "तुमच्यामुळे नाही." आणि मग त्यांनी मुलीचं नाव घेतलं. त्या घरात ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मी सईला उचललं आणि चालायला लागले. फाटकापाशी मागे वळून पाहिलं. काका जमिनीवर बसून लहान मुलासारखे मोठ्याने रडत होते, आणि काकू त्यांना उगी करत नव्हत्या. नुसत्या शेजारी बसून होत्या.