पांढऱ्या रेघेच्या खाली

मस्कतच्या विमानात मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण बाहेर बघायची हौस नव्हती. माझा धाकटा भाऊ सुधीर वेल्डर म्हणून ओमानला गेला आणि दुसऱ्याच वर्षी कोरड्या नदीत वाहून गेला. कंपनीचं म्हणणं, हे कुणालाच आधी कळणं शक्य नव्हतं. मी चिपळूणची, पुराच्या गावची. शाळेत भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. 'कुणालाच' हा शब्द घशाखाली उतरेना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघाले.

सुधीरचा खोलीतला सोबती, मालवणचा गणू, मस्कतजवळच्या रुसैलहून गाडी घेऊन आला. शहर संपलं आणि उघडे, करपलेले डोंगर सुरू झाले. गवताची काडी नाही. रस्ता सोडून वादीत (कोरड्या नदीत) उतरलो तशी चाकं गोट्यांत रुतली. गाडी ढकलता ढकलता गणू बोलू लागला.

"ताई, त्या दिवशी आभाळ निळाशार होता. पावस थंय डोंगरात पडललो. हंय थेंब नाय. आमका कसा कळतला?"

खरंच होतं. कोकणातला माणूस पूर आभाळात शोधतो. शुक्रवारची सुट्टी, डोक्यावर लख्ख ऊन. सुधीर कामगारांच्या खोल्यांसमोर, वादीत साचलेल्या डबक्यावर कपडे धूत होता. त्याला भ्यायचं कारणच दिसलं नसणार.

वादीकाठच्या गावात सालिम नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराने आम्हाला बसवून घेतलं. कहवा (बिनदुधाची वेलदोड्याची कॉफी) आणि खजूर पुढे आले. खजूर उत्तम होता, हे लिहितानाही मला राग येतो. भारतीय गड्यांबरोबर आयुष्य काढल्यामुळे सालिमला हिंदी येत होतं. मी कोण हे कळल्यावर तो उठला आणि आम्हाला कड्यापाशी घेऊन गेला.

कातळावर, माझ्या डोक्याच्याही वर, एक पांढरी रेघ खोदलेली होती.

"इसके नीचे घर नहीं," तो म्हणाला. "मेरे दादा के दादा से पहले का है."

मी वळून पाहिलं. रेघेच्या खाली नुसत्या खजुराच्या बागा. घरं, मशीद, कबरीसुद्धा वर. डोंगरावर पडका बुरूज होता. पूर्वी शिखरावर काळं आभाळ दिसलं की वरचं गाव बंदूक उडवायचं, बुरुजावरून तिला जबाब जायचा आणि खालची गावं सावध व्हायची. वर्गात मी नाईलकाठच्या देवळांतल्या पाणी मोजायच्या पायऱ्या रंगवून सांगत आले. पाणी कितव्या पायरीला लागलं यावरून पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा, हे राजाची माणसं आधीच ठरवत. इथे एकच रेघ, तीही फक्त माणसं वाचावीत म्हणून.

कामगारांच्या खोल्या मात्र गावापासून लांब, वादीच्या पात्रालगत, रेघेच्या खाली होत्या. जमीन आयती सपाट मिळाली होती.

"कंपनीला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"बोला था. अर्बाब (मालक) हँसा, बोला इन्शाल्ला कुछ नहीं होगा."

"आणि त्या दिवशी? बंदूक?"

"बंदूक अब बंद. फोन है. ऊपर से फोन आया, मैंने कंपनी को किया. घंटी बजती रही. जुम्मा था, ऑफिस बंद."

गणूने लांब खाली बोट दाखवलं. त्याच जागी नव्या खोल्या उभ्या होत्या आणि दोरीवर कुणाकुणाच्या बनियनी वाळत होत्या. मला इतका संताप आला की सालिमचा निरोपही धड घेतला नाही.

परत आले तेव्हा आई पायरीवर बसली होती.

"कुणालाच ठाऊक नव्हतं ना गं?" तिने विचारलं.

वाटेत मी 'नाही' म्हणायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. रेघ सांगितली, फोन सांगितला.

"ऑफिस बंद होतं," ती म्हणाली. "मग खोल्यांवर जाऊन कुणी दार नाही वाजवलं?"

"गाव लांब आहे, आई. पाणी आधी पोचलं."

"गावाचं नाही विचारत. ज्याने खोल्या बांधल्या त्याचं विचारते."

आमच्याकडे पाणी चढायला लागलं की ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याचंही दार वाजवतात. तो अर्बाब मस्कतला राहतो, हे मी आईला सांगितलं. "ज्याने बांधल्या, तो तिथे राहत नाही?" तिने पुन्हा विचारलं, मला नीट सांगता येत नसावं अशा सुरात.