लिव्हर नसलेली गाडी

संभाजी ओव्हाळ यांच्याकडे गाडी टाकायची तर आधी बोलणी खायची तयारी हवी. विश्रांतवाडीहून धानोरीकडे जाताना टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज आहे. तिथं फक्त जुन्या, माती-दगडातून चालवायच्या मोटारसायकली घेतल्या जातात. चुकून कोणी स्कूटर घेऊन आलंच, तर त्याला दुसऱ्या गॅरेजचा रस्ता दाखवतात. बॅटरीवरच्या गाडीचं नाव काढलं तर तेवढंही करत नाहीत.

माणूस तऱ्हेवाईक, पण त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी दगा देत नाही, म्हणून लोक ऐकून घेतात. त्यांचा एक नियम आहे. दुरुस्त झालेली गाडी ते स्वतः गॅरेजमागच्या चढावर नेतात, वर बंद करतात, पुन्हा किक मारून खाली आणतात आणि मगच मालकाच्या ताब्यात देतात. मालकाला कितीही घाई असो. दुसऱ्या कुणी चढावर नेऊन आणलेली गाडी त्यांच्या लेखी अजून बिघडलेलीच असते.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. मानेतली नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम दिला, गोळ्या दिल्या. पूर्ण बरं होईल असं मात्र म्हणाले नाहीत. पाना फिरवायला उजवा हात पुरत होता, पण मोटारसायकलचा क्लच डाव्या हातात. जुन्या गाड्यांचा तर इतका कडक की धडधाकट माणसाचीही बोटं भरून येतात. क्लच दाबता येत नाही म्हणजे गाडी चढावर नेता येत नाही, आणि ती नेता येत नाही म्हणजे संभाजींच्या मते गॅरेजला कुलूप. हे फक्त त्यांच्या पत्नीला, हिराबाईंना ठाऊक होतं.

"सांगून टाका की लोकांना," त्या म्हणाल्या. "हात आहे तुमचा, चोरीचा माल नाही."

संभाजींनी तसं केलं नाही. त्यांनी ऑटोमॅटिक क्लच मागवला.

हाच माणूस आजवर त्या वस्तूला आळशांचं खेळणं म्हणत आला होता, हे इथं सांगितलं पाहिजे. तिचं काम साधं. इंजिन हळू चालत असलं की आतल्या प्लेटा सुट्या राहतात. रेस दिली की आतली वजनं बाहेर सरकून प्लेटा आवळतात. हाताला लिव्हर दाबायचं कामच उरत नाही. पण जुन्या गाडीत हा क्लच सहजासहजी बसत नाही. संभाजींनी भोसरीत लेथवर एक रिंग कातून घेतली, क्लचवरचं झाकण आतून घासलं, कितीदा तरी उघडलं आणि लावलं, आणि शेवटी स्वतःच्या गाडीत तो बसवला. गाडी चढली. त्यानंतर येईल त्या गिऱ्हाइकाच्या ते तोच क्लच गळ्यात मारू लागले. चिखलात गाडी बंद पडत नाही, दगडावरून सावकाश चढते, असं सांगायचे. यातलं काहीच खोटं नव्हतं. खरं कारण तेवढं गिळून टाकायचे.

कोथरूडचे दिगंबर परचुरे हे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. बँकेतून निवृत्त झालेले, तरुणपणी मातीतल्या शर्यतींत भाग घेतलेले. त्यांची तेव्हाची गाडी आजतागायत संभाजींशिवाय कुणी उघडलेली नाही. संभाजींनी त्यांनाही तोच सल्ला दिला.

"ऑटोमॅटिक?" परचुरे म्हणाले. "मग पुढे एक टोपलीही बसवा. मंडईतून भाजी आणायची सोय होईल."

"साहेब, वय झालं आता. क्लच दाबून हात दुखत नाही का?"

"माझा? नाही."

तरी ते हो म्हणाले. इतक्या वर्षांत संभाजींनी एखाद्या गोष्टीचा आग्रह धरलेला त्यांना आठवेना.

गाडी तयार झाली त्या सकाळी संभाजी ती घेऊन चढाला लागले आणि परचुरे मागोमाग पायी निघाले. वर पोचल्यावर संभाजींनी इंजिन बंद केलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि ते उतरले. चढावर गाडी अशीच उभी करतात; गिअर तिला धरून ठेवतो. पण ऑटोमॅटिक क्लच इंजिन बंद असताना सुटा असतो आणि गाडीला अजिबात धरत नाही. स्वतःच्या गाडीच्या चाकाखाली संभाजी आठवणीनं दगड लावत, गिऱ्हाइकांनाही तसं बजावत. त्या दिवशी परचुऱ्यांची गाडी हातात आली आणि जन्माची सवय वर आली.

गाडी मागे सरकली. संभाजींनी हाताशी आलेलं हँडल डाव्या हातानं धरलं. बोटं मिटलीच नाहीत. गाडी निसटली, उतारावरून गेली आणि आडवी झाली. परचुरे वेळेवर बाजूला झाले म्हणून बचावले. टाकीला मोठा पोचा आला.

परचुऱ्यांनी टाकीकडे पाहिलंही नाही. ते वर आले.

"मूठ करा," ते म्हणाले.

"काही नाही साहेब, घसरली जरा."

"संभाजीराव, मूठ करा."

संभाजींनी प्रयत्न केला. अंगठा आणि एक बोट कसंबसं जवळ आलं, बाकीची तशीच राहिली.

"म्हणजे गाडी माझी, क्लच तुमच्यासाठी," परचुरे म्हणाले. "आणि वर माझं वय काढता!" ते भयंकर चिडले होते आणि त्यांना वाईटही तितकंच वाटत होतं.

"काढून टाकतो. तुमचा पहिला क्लच परत बसवतो."

"मग चढावर कोण नेणार?"

"तेच तर, साहेब. ते गेलं की माझ्याकडं राहतंय काय?"

दोघांनी मिळून गाडी उभी केली. चाकाखाली दगड परचुऱ्यांनी लावला.

"राहू दे हा क्लच," ते म्हणाले. "मला मुळीच आवडलेला नाही. पण माझी गाडी तुम्हीच तपासायची. फक्त पुढच्या माणसाला खरं सांगा आणि त्याचं त्याला ठरवू द्या. मला तुम्ही ठरवू दिलं नाहीत. लागलं मला ते."

त्याच आठवड्यात खराडीचा शौनक नावाचा एक इंजिनिअर मामाची जुनी गाडी टेम्पोत घालून घेऊन आला. "अंकल, इंजिन ओपन करावं लागेल. पण सगळं ओरिजिनलच ठेवायचं हां."

संभाजींनी त्याच्यापुढे डावा हात धरला. "हा एवढाच मिटतो. माझ्याकडं गाडी टाकायची तर क्लच बदलावा लागेल. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. नको असेल तर दुसऱ्या चांगल्या मेकॅनिकचा पत्ता देतो."

शौनक सॉरी म्हणाला, पत्ता घेतला आणि गेला.

हिराबाई आतून ऐकत होत्या. आता हे दिवसभर बोलणार नाहीत, असं धरून त्या बाहेर आल्या. संभाजी डाव्या हाताचं मनगट चोळत होते.

"गेला," ते म्हणाले. "पण सांगताना आवाज कापला नाही माझा."