वरून प्यायलेली वाइन

रविवारी सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या संजीवनीकाकू ठेवणीतली इरकल नेसून उभ्या होत्या.

"प्रज्वलने वांगणीच्या फार्महाउसवर ते वाइन चाखायचे दोन पास काढले होते. आता म्हणतो, पुण्याहून यायला जमत नाही. तू चल ना माझ्याबरोबर."

"काकू, तुम्ही आणि वाइन?"

"अगं, चार माणसांत बसायला तरी मिळेल. वाइनचं बघू."

काका गेल्यापासून काकू अंबरनाथच्या आमच्या इमारतीत एकट्याच राहतात; मुलगा प्रज्वल पुण्यात असतो. मी गॅस बंद केला.

फार्महाउसवर जिज्ञासा नावाची तज्ज्ञ मुलगी पेला कसा धरायचा, कसा हुंगायचा ते शिकवत होती. सगळ्यांनी पेल्यात नाकं खुपसली. काकूंनी मात्र मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून धार सोडली. निम्मी वाइन पदरावर सांडली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

"आजी, पेल्याला तोंड लावा," जिज्ञासा हळूच म्हणाली.

"उष्टा होईल ना. मग दुसऱ्याला कसा द्यायचा?"

"दुसऱ्याला नाही द्यायचा. हा तुमच्या एकटीचाच."

काकूंनी मान हलवली आणि पेला तसाच खाली ठेवला. नंतरच्या वाइन त्यांनी नुसत्या हुंगल्या.

परतताना त्या पदराचा डाग चोळत बसल्या होत्या. जिन्यात, माझ्या दाराशी थांबल्या.

"उद्या दुपारी तुझं ताट घेऊन वर येशील? मी वालाचं बिरडं करते. सोबत जेवू."