दक्षावहिनींचे काळे फोटो

सरावलीच्या दक्षा सावे यंदाच्या थंडीत रोज जेवणं आटोपली की लॅपटॉप काखेत मारून गच्चीवर जायच्या. त्यावरून शेजारच्या कुसुमबाईंनी गावभर काय पसरवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटी कुसुमबाई चिकूंची पाटी घेऊन जिना चढल्याच. वर एक दुर्बीण, तिच्या बुडाला कॅमेरा आणि शाल गुंडाळून बसलेल्या वहिनी! बिचारीची केवढी निराशा झाली.

डहाणू रोडला सावेंचा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या शूटिंगला दीर जतीन जायचा, अल्बम वहिनी करायच्या. वीस वर्षं लोकांच्या नवऱ्यामुली उजळून कंटाळलेल्या वहिनींनी आता आकाशातला एक तेजोमेघ धरला होता, गुलाबासारखा. पण गावातले दिवे आड येतात. म्हणून कृष्णधवल कॅमेऱ्यापुढे पाळीपाळीने तीन काचा लावायच्या. एक फक्त हायड्रोजनचा उजेड आत घेते, दुसरी ऑक्सिजनचा, तिसरी गंधकाचा. एकेक फोटो पाच मिनिटांचा, आणि दिसायला जवळजवळ काळाकुट्ट. असे पन्नास-साठ एकावर एक रचले की त्या काळ्यातून मेघ वर येतो. तिन्ही काचांचे थर जोडले की रंग.

अडीच महिने हे चाललं. कासाच्या शाळेतल्या मयूरीबाईंनी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात मधली भिंत वहिनींसाठी राखली. कुसुमबाई म्हणाल्या, "मी येणार हं. बघू तरी, कोणासाठी एवढी जागलीस ते."

प्रदर्शनाला दोन दिवस उरले आणि वहिनींनी थर जोडायला स्टुडिओत लॅपटॉप उघडला. ऑक्सिजनचं फोल्डर रिकामं. गंधकाचंही.

"भाऊजी, याला कोणी हात लावला?"

"मीच. तलासरीच्या लग्नाचा व्हिडिओ मावेना, म्हणून साफ केला जरा."

"काय साफ केलं?"

"काळे पडलेले फोटो हो! एकशेवीस! एकात काही दिसेल तर शपथ. बाबांचा नियमच होता ना, खराब फोटो दुकानात ठेवायचा नाही. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली." जतीनने आवाज खाली आणला. "त्या हायड्रोजनवाल्यात काहीतरी धुरकट होतं, ते ठेवले. आणि वहिनी, तुम्ही लेन्सचं झाकण काढायला विसरत होता, हे मी कुणालाही बोललो नाही."

 दहा तासांचा उजेड या माणसाने पुसला होता, त्यावर वरात भरली होती, आणि वर उपकार करत होता.

"तू!" वहिनी ओरडल्या. वीस वर्षांत दिराला त्यांनी अरेतुरे केलं नव्हतं. पासपोर्ट फोटोला बसलेलं गिऱ्हाईक कंगवा टाकून निघून गेलं. "तुझं झाकण आधी काढ! हजारो वर्षं चालून आलेला उजेड होता तो, गाढवा!"

"एवढं काय त्यात? फोटोशॉपमध्ये लाल-निळा भरून देतो. जोडप्यांच्या मागे काश्मीर नाही का टाकत?"

वहिनींनी बोट दाराकडे केलं. जतीन बाहेर गेला.

गच्चीवरून झाडांच्या फटीत मेघ रोज जेमतेम अर्धा तास दिसायचा; दोन रात्रींत दहा तासांचं काम होणार नव्हतं. त्या रात्री वहिनींनी रागारागाने ऑक्सिजनची काच लावून एकच फोटो घेतला.

कासाला मधल्या भिंतीवर दोन फ्रेमा लागल्या. एकीत हायड्रोजनचा गुलाब, रंगाविना, राखेसारखा. दुसरी नुसती काळी. तिच्याखालचा मजकूर कुसुमबाईंनी अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा वाचला, "ऑक्सिजन. पाच मिनिटे. असे साठ होते. गंधकाचेही साठ होते. पुसणारे: श्री. जतीन सावे, डहाणू रोड."

"अगंबाई!" कुसुमबाई म्हणाल्या. यावेळी त्यांची निराशा झाली नाही.

ती काळी फ्रेम आता स्टुडिओत जतीनच्या खुर्चीमागे आहे. हा फोटो कसला, असं गिऱ्हाईक रोज विचारतं, आणि ऑक्सिजनचं सगळं सांगणं त्यालाच भाग पडतं. मध्येच चुकला तर आतून वहिनींचा आवाज येतो, "पाच मिनिटं, जतीन. नीट सांग."

भाऊजी हा शब्द काही परत आलेला नाही.