चार नंबरच्या पेटीचा वास

नाव : कृष्णकांत दामोदर चुरी. वय : एकसष्ट. राहणार : चिंचणी, जिल्हा पालघर. पूर्वीचा व्यवसाय : तारापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर, अठ्ठावीस वर्षे. सध्याचा व्यवसाय : मधपाल, सातेरी मधमाश्यांच्या सात पेट्या. अर्हता : अकरावी, अधिक मधमाशीपालनाचे पाच दिवसांचे प्रशिक्षण. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीनुसार डोळे, कान व नाक सामान्य.

तपासणीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिली होती आणि नाक जागेवर होतं. त्याला वास येतो का, असा रकाना नव्हता, आणि न विचारलेलं सांगायची सवय कृष्णकांतांना कारखान्यातही लागली नव्हती. वास जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. नक्की तारीख सांगता येत नाही. दिवे गेले की कळतं, तसं ते कळत नाही. बायकोला, मंदाला, तेवढं ठाऊक होतं. गावात मात्र कुठे जेवायला गेले की ते "काय घमघमाट सुटलाय" म्हणत, आणि नेमकं केव्हा म्हणायचं ते मंदाच्या चेहऱ्यावरून ठरवत.

प्रशिक्षणात केदार नावाच्या तरुण शिक्षकाने सांगितलं होतं, "पोळ्यातल्या अळ्यांना जिवाणूंचा रोग होतो. चांगली अळी मोत्यासारखी पांढरी असते. रोगट अळी पिवळी पडते, घरात वेडीवाकडी होते. पण डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. कुजक्या मासळीसारखा आंबूस वास येतो."

यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, आमच्या गावात बारा महिने मासळीचाच वास. मग रोग नसला तर कसं ओळखायचं?"

सगळा वर्ग हसला. कृष्णकांत जरा जास्तच हसले.

जानेवारीत शेवग्याला फुलं लागली आणि मंदा रोज सकाळी पेट्या ठेवलेल्या वाडीतून नाकाला पदर लावून येऊ लागली. कुंपणापलीकडे नवसीचं आवार. तिथे बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत असत, जोडीजोडीने, हजारांनी. त्यामुळे वास कुणाचा याबद्दल घरात दुमत नव्हतं. आठवडा झाला, दहा दिवस झाले. कृष्णकांत पेट्या उघडत, वरून मध बघत आणि बंद करत. अळ्यांच्या चौकटी उचलून उजेडात धरायचा त्यांना कंटाळा यायचा. उलट, ज्या पेटीत माश्या कमी दिसल्या तिला दुसरीतली भरलेली चौकट द्यायची, असा त्यांचा समाजवाद महिनाभर चालू होता.

अकराव्या दिवशी मंदा कुंपणाशी गेली. "नवसी, यंदा माल नासला काय गं तुझा?"

पलीकडे टोपली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग नवसी फाटकातून आत आली. हातात एक बोंबील होता. तो तिने मंदाच्या नाकासमोर धरला.

"हुंग, वयनी."

"अगं, मी आपलं..."

"हुंग म्हनतंय ना. मोड. काडीसारखा मोडतो का नाय? माझ्या सासूच्या वेळपासून माझा माल बोयसरच्या बाजारात जातो. नासला म्हनायला अजून कोन जन्माला नाय आला." मग ती थांबली आणि हवेत नाक वर केलं. "वास हाय. पण ह्यो आंबट हाय, ओला. सुक्याचा नाय. भाऊ, तुमाला येत नाय?"

"येतो की," कृष्णकांत म्हणाले आणि मंदाकडे पाहिलं. मंदाने आभाळाकडे पाहिलं.

नवसी नाकामागोमाग चालत निघाली. एक नंबरची पेटी, दोन, तीन. चार नंबरपाशी थांबली आणि पदर तोंडाला लावला. "ह्या घरात मयत हाय."

कृष्णकांतांनी झाकण काढलं, मधली चौकट उजेडात धरली. मोत्यांच्या जागी पिवळट, पिळवटलेल्या अळ्या होत्या. काही घरांत नुसता चिखल.

केदारला फोन लागला. "काका, आगपेटीची काडी मेलेल्या अळीत घाला आणि हळू वर ओढा. दोन-अडीच सेंटीमीटर तार आली तर वाईट जातीचा रोग. मग खड्डा खणून माश्यांसकट जाळायचं. तार आली नाही, तुटली, तर सौम्य जात. वाचवता येईल. दुसऱ्या पेट्यांत चौकटी फिरवल्या नाहीत ना?"

कृष्णकांतांनी समाजवादाची कबुली दिली.

"मग जाळायच्या झाल्या तर सातही," केदार म्हणाला.

चौकट मंदाने धरली, काडी कृष्णकांतांनी. काडी आत गेली. कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसल्यावर करायला काहीच नव्हतं, तेव्हा पहिली पेटी मंदानेच आणवली होती, हे त्यांना नेमकं तेव्हा आठवलं. काडी वर आली. तिच्या टोकाला जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा चिकट धागा लोंबला आणि तुटला. दुसऱ्या अळीत काडी घातली. तुटला. पाच अळ्या झाल्या. पाचही वेळा तुटला.

"तुटला म्हंजे बरं का वाईट?" नवसीने विचारलं.

"बरं," कृष्णकांत म्हणाले, आणि काडी मातीत पुरली.

नमुना तपासणीला गेला, अहवालही तसाच आला. रोगट चौकटी काढून पुरल्या, पेट्या धुऊन उन्हात ठेवल्या, राणीला काही दिवस पिंजऱ्यात अडकवून अंडी थांबवली, साखरेचा पाक दिला. चार नंबर गेलीच. सहा जगल्या. त्या दिवसापासून नवसी रोज सकाळी बोंबील टांगून झाले की वाडीत एक फेरी मारते. वासाचं खरं काय ते कृष्णकांतांनी तिला दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग घमघमाट घमघमाट करत माझ्या घरी बोंबलाच्या कालवनाचं कौतुक करत होतात, ते?"

पुढे प्रशिक्षण देणाऱ्या कार्यालयाने मधपालांच्या मेळाव्यासाठी माहिती मागवली, तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं : रोग शेजारीण नवसी यांनी ओळखला. कार्यालयाने कळवलं की नोंद केवळ प्रशिक्षित मधपालाच्या नावे घेता येते. सन्मानपत्र आलं ते असं : "श्री. कृष्णकांत दामोदर चुरी यांनी आपल्या तीक्ष्ण घ्राणेंद्रियाच्या साहाय्याने रोगाचे वेळीच निदान केल्याबद्दल."

मंदाने ते चौकटीत बसवून ओटीवर लावलं. नवसी बघायला आली. कृष्णकांतांनी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं, "घ्राणेंद्रियाच्या" या शब्दाशी आले, आणि नवसी म्हणाली, "भाऊ, आत दूध करपतंय."

कृष्णकांत गॅसपासून चार पावलांवर होते.