नायनांना ऐकू येत होतं

वडिलांना आम्ही नायना म्हणायचो आणि ते मला बिड्डा, म्हणजे लेकरू. आमचं घर तेलुगू विणकरांचं, सोलापूरच्या पूर्व भागातलं. नायना दिवसभर मागावर चादरी विणायचे आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान जवळजवळ गेले होते. संध्याकाळी मात्र ते जुना रेडिओ कानाला घट्ट चिकटवून बसायचे आणि विनोदी श्रुतिका लागली की आमच्याही आधी हसायचे. म्हणजे त्यांना रेडिओ ऐकू येत होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सगळं अजून टोचतं.

सत्तरच्या दशकात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी एक प्रयोग निवडला. तारेशिवाय, नुसत्या उजेडावरून आवाज पाठवायचा. बोललं की बल्बचा उजेड कमीजास्त होणार आणि समोर तो झेलून त्याचा पुन्हा आवाज करायचा. झेलायला हवा होता काचेचा जुना ट्रान्झिस्टर. त्यावरचा काळा रंग ब्लेडनं खरवडला की त्याला उजेड कळायचा. दुकानात मिळायचे ते नवे, पत्र्याच्या डबीतले, कितीही खरवडा, आंधळेच. जुना होता तो नायनांच्या रेडिओत.

मी काही मागितलं नाही. जेवताना नुसते सुस्कारे टाकले. हुशार होते ना मी! शेवटी नायनांनीच रेडिओ माझ्यापुढं आणून ठेवला.

"घे की बिड्डा. मला कुटं ऐकू येतंय? उगं कानाला धरून बसतो झालं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी रेडिओ जवळ ओढला. आपल्या पोळीवर तूप ओढायचं असलं की समोरच्याचं खोटंही खरं मानता येतं. ट्रान्झिस्टर काढताना मी घाईत आतलं बरंच काही जाळलं आणि रेडिओ कायमचा मुका झाला. त्यानंतर संध्याकाळी नायना उंबऱ्यावर रिकामे बसायचे. हात सवयीनं कानाशी जायचा, मग उगाच कान खाजवून खाली यायचा. मला तिकडं बघवत नसे.

प्रयोग दाखवायच्या दिवशी आईनायनांना कॉलेजात बोलावलं होतं. लांबलचक व्हरांड्याच्या त्या टोकाला सरांनी नायनांच्या कानांवर हेडफोन चढवला. या टोकाला मी माइकवर वाकले. घरी तोंडावर जे म्हणवलं नव्हतं, ते मी हळूच म्हटलं, "नायना, चुकलं माझं. तुम्हाला ऐकू येत होतं."

"येतंय, बिड्डा! लई स्पष्ट!" नायना तिकडून ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान वर केली. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई मधोमध उभा होता, माझ्याकडं पाठ करून, कौतुकानं नायनांकडं बघत. सगळा उजेड त्याच्या खाकी पाठीवर पडला होता. माझा एक शब्दही पलीकडं गेलेला नव्हता.

ऐकू येत होतं तेव्हा नायना नाही म्हणाले आणि येत नव्हतं तेव्हा हो म्हणाले. दोन्ही वेळा माझ्यासाठीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सात रस्ता चौकातून घरी येताना आईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काय म्हणाली ओ ती?"

मी मागून चालत होते.

"काय म्हणणार?" नायना म्हणाले. "नायना म्हणाली. तेवढं बास की."