ठकूआत्येचं आजारपण

ऑफिसातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. सात माणसं आठ तास एका खोलीत कोंडायची, वर एकच पंखा, तोही हेडक्लार्कच्या डोक्यावर. मग बघा, वर्षभरात एवढं साठतं की सांगायला जन्म पुरत नाही! आमचं टाइम ऑफिस लोअर परळच्या एका गिरणीत होतं. कामगारांची हजेरी लिहायची, रजा लिहायच्या, एवढंच काम. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे मोर्चा निघायचा, ते दिवस.

मी कुठेही गेलो की फर्माईश होते, "सदूभाऊ, ती ठकूआत्या सांगा!" मी सांगतो. पण अर्धीच, हसण्यापुरती. परवा एका बारशाला आमच्या वेळचा एक जण भेटला. पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "आणि तो खबऱ्या परब आठवतो का रे?" पंगत हसली. मीही हसलो! घरी आल्यावर मात्र अन्न पचेना. परब जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्याचं नाव धुऊन काढायला मीच तेवढा उरलोय. म्हणून आज पूर्ण सांगतो. चहा निवला तर निवू दे, मध्ये बोलू नका.

*

मोर्चाच्या दिवशी रजा हवी तर अर्जात कारण लागायचं. 'मोर्चाला जातो' असं लिहिलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. तेव्हा आमच्या जाधवने आत्या काढली. जाधव टायपिस्ट. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, गडी मॅट्रिक, आणि तोंड म्हणजे कात्री! म्हणाला, "प्रत्येकाने आपापल्या आईबापाला कशाला आजारी पाडायचं? सगळ्यांत मिळून एक आत्या ठेवू."

"नाव काय ठेवायचं?"

"ठकू! म्हणजे ठकवतोय हे नावातच कबूल. वेगळं पाप नको!"

झालं. त्या दिवसापासून 'आत्या अत्यवस्थ' म्हणजे मोर्चा, आणि 'आत्येला बघायला पाहुणे आलेत' म्हणजे पोलीस आहेत, जपून!

*

आमचे हेडक्लार्क नाना दिघे. वरून नारळासारखे कडक. एकदा आमच्यातल्या एकाने घाईत 'आत्या वारली' असं लिहिलं आणि पुढच्याच महिन्यात 'आत्या अत्यवस्थ'. नानांनी चष्मा वर केला.

"अहो, हिला पोचवून आलात ना? परत आजारी कशी पडली?"

"ती थोरली हो नाना. ही धाकटी ठकू!"

नानांनी चष्मा खाली घेतला आणि सही केली. आम्हाला वाटलं, म्हातारा फसला. पुढच्या मोर्चाला बघतो तर नानांची खुर्ची रिकामी! टेबलावर त्यांचाच अर्ज, सुंदर वळणदार अक्षरात : 'माझी आत्या ठकूबाई हिची प्रकृती अचानक बिघडल्याने...'

*

परब तेवढा या आत्येच्या वाटेला गेला नाही. परब मूळचा मालवणकडचा, लालबागच्या चाळीत राहायचा. घरी बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई. मोर्चाला तोही यायचा, पण बिनपगारी रजा टाकून, कारणाची जागा कोरी ठेवून. आम्ही चिडवायचो, "अरे, आत्या फुकट आहे, वापर की!"

तो म्हणायचा, "नसलेल्या माणसाकय आजारी पाडू नये रे. तोंडातला अक्षर कधीतरी खरा ठरता."

जाधव हात जोडायचा, "परबमहाराज की जय!" आणि परबच्याच डब्यातली बांगड्याची तुकडी उचलायचा. परबचा डबा चार पुडांचा असायचा. त्याची बायको त्यात सात जणांचं भरायची, कारण डबा उघडला की सात हात त्यात पडणार हे तिला ठाऊक होतं.

माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे फणसवाडीतल्या आमच्या खोलीत आम्ही श्वासही बेताने घेत होतो. परबला हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आला. "वहिनीक रोज पेज दी. गावचे आसत." मी पैसे काढले तर रागावला.

*

मग एका मोर्चात लाठी चालली आणि जाधवचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठा पांढरं बँडेज बांधून हजर! नाना घाबरले. "अरे, लिहू काय मी?"

"लिहा, आत्येच्या घरचा जिना उतरताना पडलो."

नानांनी तसंच लिहिलं. आम्ही पोट धरधरून हसलो. पण ते बँडेज लेबर ऑफिसरसाहेबांनीही बघितलं होतं. हसण्याचा भाग इथे संपतो. नेहमी मी इथेच थांबतो.

*

साहेबांनी दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. टेम्पररी क्लार्कला खुर्ची! चांगल्या कपातून चहा आला. साहेब फार गोड बोलायचे. घरचं विचारलं, बायकोचा कितवा महिना ते विचारलं. म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करून टाकू. बाळ येणार तर नोकरी पक्की हवी." मी मान हलवली. मग तितक्याच मायेने म्हणाले, "आणि ती ठकूआत्या कशी आहे आता?"

मला हसू आलं हो! आवरलंच नाही. खरं सांगतो, मारझोड केली असती तर मी तोंड उघडलं नसतं. पण त्यांनी ते इतक्या गंभीरपणे विचारलं की फिस्सकन हसलो, आणि तेही हसले. दोघं मित्रांसारखे हसलो. हसता हसता त्यांनी विचारलं, "कल्पना कुणाची?"

"जाधवची," मी म्हणालो.

दारात परब उभा होता, हजेरीचं मस्टर घेऊन. त्याने ते टेबलावर ठेवलं, माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं आणि गेला. त्याने ऐकलं की नाही, मला कळेना. त्या रात्री बायकोने परबच्या तांदळाची पेज वाढली, ती मी तशीच तिच्यापुढे सरकवली.

*

आठवड्याने जाधवला चार्जशीट मिळालं. 'ठकूबाई या अस्तित्वात नसलेल्या आत्येच्या नावाने रजा घेणे व इतरांस तसे शिकवणे.' चौकशीत जाधव ताठ उभा राहिला. "साहेब, माझी आत्या नाही हे तुम्ही सिद्ध करा!"

नोकरी गेली ती गेलीच. ज्या बोटांनी न बघता टाइप करायचा, त्या बोटांनी तो भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या टोपल्या उतरवायला लागला. मी एकदा लांबून बघितला. हाक मारायची छाती झाली नाही, तसाच मागे फिरलो. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

*

ठकूबाई अर्जांत होतीच, पण ती जाधवने शिकवली हे चार्जशीटमध्ये आलं कसं? बाहेरच्या कुणाला ते माहीत नव्हतं. म्हणजे फितूर आमच्यातलाच! नाना खवळले. ते रत्नागिरीकडचे. एका शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना गिरणीसमोरच्या इराण्याकडे बोलावलं, जाधवलाही. पिशवीतून नारळ काढून संगमरवरी टेबलावर ठेवला. काउंटरवरून इराणी ओरडला, "बाहर का खाना मना है!"

कुणी हसलं नाही.

नाना म्हणाले, "प्रत्येकाने नारळावर हात ठेवायचा आणि 'मी सांगितलं नाही' म्हणायचं. पण आधीच बजावतो. आमच्याकडे नारळावरची खोटी शपथ बोलणाऱ्याला भोवत नाही. त्याच्या पोराबाळांना भोवते."

जाधव म्हणाला, "नाना, मी नारळबिरळ मानत नाही. उचला तो. ज्याने केलं त्याने मला एकट्यात येऊन सांगावं, मी वाईटही वाटून घेणार नाही." पण नाना ऐकेनात. नारळ फिरायला लागला. सगळ्यांत शेवटी मी बसलो होतो. माझ्या अलीकडे परब.

बायकोला आठवा लागला होता. खरं सांगावं तर सगळ्यांच्या देखत जाधवच्या पायाशी तोंड काळं. खोटं सांगावं तर... पुढचा विचारच करवेना. एकेक जण हात ठेवत होता, घडाघडा बोलत होता. नारळ परबपुढे आला. परबने एकदा माझ्याकडे बघितलं. मग नारळ टेबलाच्या मधोमध सरकवला.

"मी शपथ घेवचंय नाय."

"का रे?" नाना ओरडले.

"नाय घेवचंय म्हणजे नाय."

संपलं. सगळ्यांना चोर सापडला! एकाने कपातला चहा त्याच्या धोतरावर फेकला. नारळ माझ्यापर्यंत आलाच नाही. लाज सोडून सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, घरी जाताना मी स्वतःला पटवून टाकलं की यानेही साहेबांना काहीतरी सांगितलं असणार, नाहीतर शपथेला का भ्यायला? मी एकटाच नाही! पुढची तीन वर्षं मी याच एका वाक्यावर जगलो.

*

परबशी बोलणं बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत तो कोपऱ्यात बसायचा. डबा मात्र तोच, चार पुडांचा. उघडायचा, चारही पुडं मांडायचा आणि वाट बघायचा. कुणी हात घालत नव्हतं. मीही नाही. महिनाभर तो सात जणांचं जेवण आणत राहिला आणि परत नेत राहिला. मग एके दिवशी एका पुडाचा डबा घेऊन आला. त्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येकाने ते बघितलं. पण उठून त्याच्याजवळ जायला कुणी तयार नव्हतं.

*

बातमी लालबागला पोचली. मोर्चात चाळीतल्याही पोरांची डोकी फुटली होती, त्यांनी परबच्या दारावर तेलरंगाने 'खबऱ्या' असं ठळक लिहिलं. हे मला जाधवने सांगितलं. त्याच्याशी न बोलण्याचा सगळ्यांत मोठा हक्क ज्याचा, तो जाधव एकटाच परबकडे जायचा. म्हणायचा, "शपथ मी पण नाही घेतली. मग मी पण खबऱ्या का?"

परबच्या म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने अंथरुणावरून विचारलं, "ह्या काय लिवलानी रे दारार?"

परब म्हणाला, "शुभ लाभ."

"मगे पुसू नको हां!" म्हातारी म्हणाली.

ती असेपर्यंत परबने ते पुसलं नाही.

*

आता शेवटचा भाग. हा मी आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेला नाही.

महाराष्ट्र झाला! मुंबईसह झाला! सबंध गिरणगावात तोरणं, लेझीम, गुलाल. नानांनी ऑफिसात पेढे वाटले. परब तोवर आमच्या खोलीतून कापडाच्या गोदामात बदली मागून गेला होता, त्याच्यापर्यंत पेढा कुणी नेला नाही. ते बघून मी तसाच उठलो. घरी आलो, मुलीला कडेवर घेतलं आणि तडक लालबाग गाठलं. मुलगी पावणेतीन वर्षांची. ठरवलं होतं, पहिलं परबला सांगायचं, मग जाधवला, मग नानांसमोर उभं राहायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

चाळीच्या गॅलरीत परब एकटाच बसला होता. खाली ढोल वाजत होते. किती वाळला होता! मला बघून उठायला लागला आणि त्याची नजर मुलीवर गेली. मग तो माझ्याकडे बघायचा थांबलाच.

"ही तीच?" त्याने विचारलं.

"हो. परब, मी एक सांगायला आलोय. त्या दिवशी केबिनमध्ये..."

"थांब रे. तिका खाली ठेव."

मी मुलीला खाली ठेवलं. ढोल ऐकून ती गॅलरीभर धावत सुटली. पार टोकाला गेली, कठड्याला हात लावून परत आली, परबच्या गुडघ्याला धडकली आणि खदखदून हसली. परबने तिला दोन्ही हातांनी धरलं. नाव विचारलं, तिने बोबडं सांगितलं. दात दाखव म्हणाला, तिने दाखवले. तिच्या पायांवरून त्याने हात फिरवला.

मी परत तोंड उघडलं. "परब, जाधवचं नाव मी..."

"तिच्या देखत काय एक बोला नको," तो एकदम करड्या आवाजात म्हणाला. एवढा कडक मी त्याला कधी ऐकला नव्हता. मग वळून त्याने घरात हाक मारली.

"अगो, बेगीन भायर ये! सदूचा चेडू इला. बग गो, बरा आसा ता! धावता बग कसा!"

परबची बायको पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तीन वर्षं चाळीतली एकही बाई तिच्याशी बोलली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मुलीसमोर खाली बसली आणि रडायला लागली.

"देवान राखल्यान गो बाये," ती म्हणाली, आणि तिच्यासाठी गुळाचा खडा आणायला आत गेली.